मॉर्गन डॉलर: ६३ घ्यावं, ६४ घ्यावं की एकदम ६६?

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहते. साताऱ्याला माझ्या वडिलांकडे राणीछाप आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये आहेत. ते हाताळत मोठी झाले म्हणून की काय, इथे आल्यावर मला मॉर्गन डॉलरचा, म्हणजे इथल्या जुन्या चांदीच्या डॉलर नाण्यांचा, नाद लागला. महिन्याला दीडशे डॉलर बाजूला काढते. आतापर्यंतची बहुतेक नाणी स्लॅबमधली, म्हणजे दर्जा ठरवून डबीत बंद केलेली, एमएस-६३ आणि ६४ दर्जाची आहेत. नवऱ्याचं म्हणणं, 'हे अर्धवट काम आहे. एक तर सरळ चांदीची वीट घे, नाहीतर पैसे साठवून एकच ६६ किंवा ६७ घे, त्याचाच भाव वाढतो.' दुसरं, कोणत्या वर्षी किती नाणी पाडली त्याची यादी मी मिळवली आहे. त्यातली कमी संख्येची वर्षं निवडायची ना? तिसरं, गेल्या दिवाळीत सासूबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी दोन सुटी नाणी रिठ्याच्या पाण्यात टाकून वर टूथपेस्टने घासली. आता ती लख्ख दिसतात. उरलेली काळसर नाणीही तशी करू का? आणि शेवटचं: पुढच्या वर्षी साताऱ्याला जाणार आहे. बाबांना एक-दोन डॉलर द्यायचे आहेत, आणि ते त्यांचा १९१८ चा रुपया मला देणार आहेत."

सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दिवाळी दरवर्षी येते. उरलेल्या नाण्यांना हात लावू नका. रिठा नको, टूथपेस्ट नको, चांदी उजळवायचं दुकानातलं द्रावणही नको. सासूबाईंचं चुकलं असं नाही. आपल्याकडे देवाची चांदीची भांडी काळी ठेवणं म्हणजे घराची अब्रू जाणं. पण कोऱ्या नाण्याची किंमत चकाकीत नसते, त्याच्या पृष्ठभागाच्या घडणीत असते. ठसा बसताना धातू दाबाखाली मधून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा नाण्यावर राहतात. नाणं कडेला धरून एकाच दिव्याखाली कलतं केलं, की उजेडाचे दोन पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. टूथपेस्टमधले कण त्या रेषा खरवडून काढतात. मागे राहते ती सगळीकडे सारखी, मेलेली चमक. असं नाणं ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्यांकडे, पाठवलं तर त्याला आकडा मिळत नाही, 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. रासायनिक द्रावणात नुसतं बुडवलं तरी वरचा पातळ थर निघून जातो, आणि दोन-चार वेळा बुडवलं की झळाळी संपते. घासलेली दोन नाणी आता पूजेचीच म्हणून ठेवा, दर दिवाळीला खुशाल घासू देत. बाकीची काळसर नाणी तशीच राहू द्या. कापडी पिशवीत वर्षानुवर्षं पडून निळी-जांभळी-सोनेरी छटा चढलेल्या नाण्यांसाठी लोक इथे जास्त पैसे मोजतात. (कृत्रिम छटा चढवून विकणारेही आहेत, तेव्हा ते जास्तीचे पैसे तुम्ही मात्र मोजू नका.)

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाही, पण ते सांगायला आधी ६३ म्हणजे काय ते बघावं लागेल.

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही ७० गुणांची पट्टी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. मूळ कल्पना अशी होती, की आकडा म्हणजे किंमतही: ६० चं नाणं १ च्या नाण्याच्या साठपट. तो हिशेब लवकरच कोलमडला, पट्टी मात्र टिकली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं तपासून, आकडा देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करू लागल्या. त्यालाच आपण स्लॅब म्हणतो. ६० ते ७० हे आकडे कोऱ्या नाण्यांचे, म्हणजे व्यवहारात न वापरलेल्या; तुमच्या 'एमएस'चा, 'मिंट स्टेट'चा, अर्थ तोच. मग कोऱ्या नाण्यावर ओरखडे कुठून येतात?

पिशव्यांतून. मॉर्गन डॉलर लोकांच्या खिशासाठी म्हणून जन्मलाच नव्हता. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दर महिन्याला किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडायला लावलं. पश्चिमेकडच्या खाणमालकांची चांदी खपवायची होती. राष्ट्राध्यक्ष हेस यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो धुडकावला. पूर्वेकडच्या लोकांना हे २६.७३ ग्रॅमचं जड नाणं नकोच होतं. ते कागदी चांदी-प्रमाणपत्रं, म्हणजे चांदीच्या डॉलरच्या बदल्यातल्या नोटा, वापरत, आणि नाणी हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत तिजोऱ्यांत पडून राहत. एक पिशवी जवळजवळ सत्तावीस किलोची. ती उचलली, आपटली, दुसऱ्या तिजोरीत नेली, की आतली हजार नाणी एकमेकांवर आदळणार. म्हणून ६३ च्या नाण्यावर, स्वातंत्र्यदेवीच्या मोकळ्या गालावर, जे बारीक खड्डे आणि चरे दिसतात ते पिशवीचे आहेत, माणसांच्या हातांचे नाहीत.

तुमची ६३-६४ ही निवड मला म्हणूनच पटते. ६० ते ६२ मध्ये गाल फार मार खाल्लेला असतो. ६३ मध्ये मार दिसतो, पण झळाळी साधारणपणे शाबूत असते. ६४ मध्ये हात लांब करून पाहिलं तर नाणं स्वच्छ वाटतं. ६६ आणि ६७ मधला फरक सांगायला व्यावसायिकांनाही भिंग लागतं, आणि तेच नाणं पुन्हा पाठवलं तर वेगळा आकडा येऊ शकतो. जो फरक आपल्या डोळ्याला दिसत नाही त्याचे अनेकपट पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. पण यात एक अपवाद आहे. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची १८७९ ते १८८२ ची नाणी, म्हणजे मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या गाठीखाली 'एस' खूण असलेली, इतकी सुरेख पडली आणि इतकी उरली की त्यांचं ६५ सुद्धा आवाक्यात असतं. १८८१ एस घ्यायचंच असेल तर थोडं थांबून ६५ घ्या. याउलट १८८६ ओ, न्यू ऑर्लिन्सचं, ६४ वरून ६५ वर गेलं की भाव कड्यावरून उडी मारतो. एकच नियम सगळ्या वर्षांना लावता येत नाही, आणि नवऱ्याचं अर्धं बरोबर म्हणालो ते एवढ्यापुरतंच.

'त्याचाच भाव वाढतो' हे मात्र त्यांना १९८९ च्या आसपासच्या लोकांना विचारायला हवं. स्लॅब नवे होते, नाणं म्हणजे शेअरसारखा कागद झाला अशी हवा झाली, गुंतवणुकीचा पैसा आत आला आणि ६५ च्या अगदी साध्या मॉर्गन डॉलरचे भाव आभाळाला भिडले. पुढे ते कोसळले, आणि अनेकांना त्या भावाचं तोंड पुन्हा कित्येक वर्षं दिसलं नाही. चांदीची वीट घ्यायची तर घ्यावी, तो वेगळा सौदा आहे. मॉर्गनमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते. दिवसाच्या भावाला तेवढ्याने गुणलं की नाण्याचा तळभाव मिळतो. चांदी महाग झाली की साध्या वर्षाच्या ६३ चा भाव आणि हा तळभाव यांतलं अंतर कमी होतं. अशा वेळी ६३ घेण्यात धोका सर्वात कमी, हे त्यांना सांगून बघा. विकताना मात्र दुकानदाराचा कट जाणारच. आणि वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर इथला केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हेही हिशेबात धरा.

आता तुमची यादी. तिच्यावर भिस्त ठेवू नका. हा मुद्दा तुमच्या बाबांच्या रुपयाशी जाऊन भिडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटिशांनी प्रचंड माल आणि सैन्य उचललं. त्याचे पैसे तिथे रुपयांत चुकते करावे लागत, आणि रुपया चांदीचा. चांदी मिळेना म्हणून नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली. लोकांना ती पटली नाही. ते नोटा घेऊन चांदी मागायला येऊ लागले, आणि १९१८ च्या वसंतात मुंबईच्या नोट कचेरीपुढे चांदीसाठी झुंबड उडाली. ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा झाला आणि तिजोऱ्यांतले २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतले जवळजवळ २६ कोटी हिंदुस्थानसाठी, म्हणजे सुमारे २० कोटी औंस चांदी. तिच्या लगडी तिकडे गेल्या आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये होऊन बाहेर पडल्या. तुमच्या बाबांच्या एखाद्या रुपयात फिलाडेल्फियाच्या किंवा न्यू ऑर्लिन्सच्या डॉलरची चांदी आहे का, हे कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. पण ही शक्यता पोकळही नाही.

संग्राहकांची पंचाईत अशी, की वितळवताना कोणत्या वर्षाच्या किंवा कोणत्या टांकसाळीच्या पिशव्या भट्टीत गेल्या याची नोंदच ठेवली नाही. म्हणून पाडलेल्या नाण्यांचा आकडा एक सांगतो आणि उरलेली नाणी दुसरंच. १८८४ एस बत्तीस लाख पाडली. झिजलेलं नाणं सहज मिळतं, पण कोरं ६३ म्हणाल तर घर विकायची वेळ येईल. १९०१ ची फिलाडेल्फियाची जवळजवळ सत्तर लाख, तरी कोरी दुर्मीळ. उलट १८८४ सीसी, नेवाडातल्या कार्सन सिटीची, पाडली जेमतेम साडेअकरा लाख, पण त्यांतली साडेनऊ लाखांहून जास्त सरकारी तिजोरीत कोरीच्या कोरी सापडली. १९७२ ते १९८० या काळात सरकारने ही कार्सन सिटीची नाणी, जवळजवळ तीस लाख, टपालाने बोली मागवून लोकांना विकली. जाड प्लॅस्टिकच्या मूळ सरकारी डब्यांतली नाणी आजही बाजारात येतात. तुमच्या बजेटात काही महिने थांबून असं एक ६३ जरूर घ्या. डबा मात्र फोडू नका.

१९०३ ओ ची गोष्ट तर नाण्यांच्या दुकानात अजून सांगतात. १९६२ पर्यंत समजूत होती की ती बहुतेक सगळी वितळली. कोऱ्या नाण्याचा पुस्तकी भाव १,५०० डॉलर होता. त्या वर्षी नाताळाच्या आधी फिलाडेल्फियाची जुनी तिजोरी उघडली आणि पिशव्याच पिशव्या बाहेर आल्या, १८९८ ओ आणि १९०४ ओ च्याही. भाव तीसेक डॉलरवर आला. मग लोक खजिन्यासमोर रांगा लावून पिशव्या नेऊ लागले, आणि मार्च १९६४ मध्ये सरकारने डॉलर देणंच बंद केलं. तेव्हा यादी बाजूला ठेवा. प्रत्येक वर्षाची, प्रत्येक दर्जाची किती नाणी आजवर तपासली गेली याचे तक्ते दोन्ही ग्रेडिंग कंपन्या जाहीर करतात, ते बघा. त्यातही एक खोट आहे: तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर दोनदा मोजलं जातं.

काय घ्यावं हे विचारलं नाहीत, पण सांगतो. पाच टांकसाळींची पाच नाणी करा. सॅन फ्रान्सिस्कोचं १८८१ एस. फिलाडेल्फियाचं १८८६ किंवा १८८७, त्यावर टांकसाळीची खूण नसते. न्यू ऑर्लिन्सचं १८८५ ओ. कार्सन सिटीचं १८८४ सीसी. आणि डेन्व्हरचं १९२१ डी, कारण जुन्या मालिकेतला मॉर्गन डेन्व्हरने फक्त त्या एका वर्षी पाडला. १९२१ चे डॉलर दिसायला सपाट आणि कोरडे असतात, मला ते आवडत नाहीत. पण त्यांचं असणंच पिटमन कायद्यामुळे आहे. वितळवलेल्या प्रत्येक डॉलरच्या बदल्यात अमेरिकी खाणींची चांदी घेऊन नवा डॉलर पाडायचा, अशी अट त्यात होती. त्याच वर्षअखेरीस अँथनी डी फ्रान्सिस्कीचा पीस डॉलर आला. पुढे वाटलं तर १९२२ ते १९२५ मधला फिलाडेल्फियाचा एखादा ६४ घ्या, स्वस्त मिळतो.

निवडताना आकडा नंतर वाचा. आधी गाल बघा, नजर तिथेच जाते. गालाच्या मध्यावर एकच खोल चर असलेल्या ६४ पेक्षा केसांत आणि कडेला मार लपलेलं ६३ मी केव्हाही घेईन. मग कानावरचे केस आणि गरुडाची छाती. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर तिथे ठसा बऱ्याचदा कच्चा बसलेला असतो आणि नवा माणूस त्याला झीज समजतो. फरक झळाळीने कळतो: ठसा कच्चा असला तरी त्या जागी उजेड फिरतो; झीज असेल तर तेवढा भाग करडा, निर्जीव दिसतो. सुटं नाणं 'कोरं' म्हणून विकायला आलं तर हीच परीक्षा करा, कारण किंचित वापरलेलं ५८ दर्जाचं नाणं कोऱ्याच्या भावाने खपवणं हा या धंद्यातला फार जुना खेळ आहे.

खोटी नाणी भरपूर आहेत, खोटे स्लॅबही आहेत. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर गालावरचा चर न् चर जुळवून बघा. सुट्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आणि एक लोहचुंबक घ्या. आपले आजोबा रुपया वाजवून घेत, तसं करायला हरकत नाही. फक्त कोऱ्या नाण्यावर नको, आपटून एक चर वाढेल. १८९३ एस आणि १८८९ सीसी सुटी कधीच घेऊ नका. साध्या नाण्यावर 'एस' किंवा 'सीसी' चिकटवून ती बनवली जातात. टीव्हीवर नाण्यांच्या 'न तपासलेल्या' गुंडाळ्या विकतात त्या कोणीतरी नक्की तपासलेल्या असतात. सुटी नाणी मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकट थर धरतो.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. बाबांना डॉलर नेताना भारतीय कस्टम्सचा चालू नियम निघण्याआधी वाचा. दागिन्यांखेरीज इतर रूपातल्या चांदीला प्रवाशाची सर्वसाधारण सवलत लागू होत नाही, ती लाल मार्गिकेत जाहीर करावी लागते. दुकानाची पावती बरोबर ठेवा. आणि तो डॉलर तिथेच राहणार हे धरून न्या. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणंही येतं, आणि अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेखेरीज कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. १८८१ चा डॉलर आत नेऊन पुढच्या खेपेला परत आणताना विमानतळावर तो तुमचाच आहे हे पटवत बसावं लागेल.

१९१८ च्या रुपयाला हाच कायदा सरळ लागू पडतो. बाबा प्रेमाने देतील, पण पर्समध्ये टाकून आणू नका. तो साताऱ्यालाच तुमच्या नावाने वेगळा ठेवायला सांगा, आणि तुम्ही दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढून आणा. मागच्या बाजूला तळाशी कमळाच्या फुलाखाली उठावदार बारीक ठिपका असेल तर तो मुंबई टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. उजेड एका बाजूने, तिरका ठेवलात तर ठिपका फोटोत येतो.